नदी येईल त्या दिवशी

नदी आली, आणि अख्ख्या काठावर एकट्या हिस्कियाचं तोंड उतरलं.

बाकी सगळे खुळावले होते. वळणावरून तपकिरी पाणी फेस काढत सरपटत येत होतं. त्याच्या पुढे काटक्या, लेंड्या, वाळक्या शेंगा आणि जीव घेऊन पळणारे किडे. गावातली कुत्री पाण्यावर भुंकत होती, कारण त्यांनी जन्मात नदी पाहिली नव्हती. पलीकडे वाळूच्या टेकड्या आणि अलीकडे वॉल्विस बे शहरातून आलेल्या गाड्यांची रांग. एरवी कोरडी असणारी कुइसेब नदी वाहू लागली की शहरात कामावर कोणी थांबत नाही. मासळीच्या कारखान्यातला मुकादम हिस्किया तरी कसा थांबणार? लोकांनी विचारलं असतं.

पंचाईत अशी की त्याने शब्द दिला होता. आईला मूठमाती दिली त्या दिवशी सगळ्या भाऊबंदांसमोर तो म्हणाला होता, "बाबा, आता शहरात चला. माझ्याकडे राहा."

"एकदा नदी पाहतो, मग येतो," म्हातारा योएल म्हणाला होता.

"मग ठरलं. नदी येईल त्या दिवशी मी स्वतः न्यायला येतो."

बायकांनी डोळे पुसले. पाद्रीबाबांनी तर पुढच्या रविवारी प्रवचनात त्याचं नाव घेतलं.

त्यानंतर नदी काही गावापर्यंत आली नाही. वरच्या डोंगरात थोडाफार पाऊस व्हायचा, पाणी निघायचं आणि वाटेतच वाळूत जिरायचं. हिस्कियाची पितृभक्ती मात्र कधी आटली नाही. दर नाताळाला तो पीठ, साखर घेऊन यायचा, चारचौघांत बापाचा हात हातात घ्यायचा आणि हळहळायचा, "काय करणार बाबा, यंदाही नदी नाही." त्याने शहरातल्या घराला एक खोलीसुद्धा काढली होती. फरशी बसवलेली, खिडकी रस्त्याकडे. येईल त्या पाहुण्याला तो ती दाखवायचा, "ही बाबांची खोली." बाबांच्या खोलीत बंदरावरचा एक क्रेनवाला भाड्याने राहत होता. खोली बंद ठेवली की धुक्याने भिंतींना बुरशी येते, असं हिस्कियाच्या बायकोचं, लिस्बेटचं मत होतं.

लिस्बेट धोरणी बाई. रेडिओवर पाण्याची बातमी आली तेव्हा ती म्हणाली, "जाऊन तर येऊ. फक्त गाडीत जागा ठेवू नकोस." म्हणून पिकअपमध्ये खुर्च्या होत्या, कोळसा होता, बर्फाची पेटी होती आणि मागच्या सीटवर आडवीतिडवी पसरलेली तिची मावशी होती.

म्हाताऱ्याला हे कुठलं माहीत? तो झाडाखाली आपल्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसला होता. अंगात लग्नातला कोट. दाढी केलेली, पण दोन ठिकाणी कापलं होतं, कारण आता त्याला धड दिसत नव्हतं. गेल्या थंडीत तो पाणी काढताना कोरड्या पात्रात खणलेल्या खड्ड्यात पडला, आणि शेजारच्या रागेलला हाक ऐकू जाईपर्यंत तिथेच कुडकुडत राहिला. आधी नदी ही त्याची शहरात न जाण्याची सबब होती. त्या दिवसापासून तो तिची खरोखर वाट पाहू लागला. एकट्याने राहायची त्याला भीती वाटत होती. आज सकाळी त्याने शेळ्या रागेलच्या हवाली केल्या होत्या आणि चुलीतली राखही काढून टाकली होती.

पाणी समोर आलं तसा तो उठला आणि बुटांसकट पात्रात उतरला. बघता बघता गुडघे बुडाले.

"अरे हिस्किया, ट्रंक उचल की," रागेल काठावरून म्हणाली. "कसली वाट बघतोस? नदी तुला घरी येऊन आमंत्रण देणार आहे का?"

लोक हसले. पाद्रीबाबा कौतुकाने पुढे सरकले. लिस्बेट निखाऱ्यावरचं मांस फार लक्ष देऊन उलटू लागली.

"नेतो ना. नेणारच आहे," हिस्किया म्हणाला. "फक्त बाबा, आज गाडीत जरा मावशी आहेत. आणि पाणी वाढलं तर परतीचा रस्ताही..."

परतीच्या रस्त्यावर धूळ उडत होती.

योएल पाण्यातच वळला. मुलाचा चेहरा त्याला दिसत नव्हता, पण तो आवाज त्याने मुलाच्या लहानपणापासून ऐकलेला होता. एक अख्खं झाड मुळासकट वाहत त्याच्या शेजारून गेलं.

"कसली ट्रंक, रागेल?" त्याने विचारलं.

"अहो दादा, नदी आली ना."

"ही नदी?" योएल म्हणाला. "माझं गाढव सकाळी याहून जास्त मुततं. ही नुसती ओल आहे. नदी आली की मीच सांगेन सगळ्यांना."

या वेळी कोणी हसलं नाही. पाणी म्हाताऱ्याच्या कमरेला लागलं होतं आणि कोटाची टोकं त्यावर तरंगत होती. रागेलने चपला काढल्या आणि ती त्याला धरायला आत शिरली.

सगळे हिस्कियाकडे बघत होते. तो झाडाखाली गेला आणि खाली वाकून त्याने ट्रंक दोन्ही हातांनी उचलली. ती फार हलकी होती. मग तो ती घेऊन म्हाताऱ्याच्या घरात गेला आणि होती तिथे, खाटेखाली, नीट सरकवून ठेवून आला.

बापाचा शब्द मोडणाऱ्यांतला तो नव्हता.