छापील सहा मिनिटं

"झोपेचं इंजेक्शन मला नको," टेबलावर कुशीवर निजलेल्या सिस्टर म्हणाल्या. "मी जागी राहणार."

मोठ्या डॉक्टरांनी हातमोजे चढवता चढवता भुवया उंचावल्या. बावीस वर्षं याच खोलीत सिस्टर त्यांच्या हातात दुर्बीण देत आल्या होत्या. आज टेबलावर त्याच होत्या. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने मोठ्या आतड्याची तपासणी करून घ्यावी, असा कागद दवाखान्याच्या दारावर होता. तो त्यांनीच चिकटवला होता, त्यामुळे त्यांच्या तपासणीचं कोणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्यांनी हेच डॉक्टर मागून घेतले याचं. दोघांचं वर्षभर विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

बिनसलं होतं ते घड्याळावरून. दुर्बीण आतड्याच्या टोकापर्यंत नेणं हे अर्धंच काम. खरं काम ती बाहेर काढताना असतं. सावकाश मागे यायचं, प्रत्येक घडीच्या पाठीमागे डोकवायचं आणि कॅन्सर होण्याआधीच त्याचा कोंब शोधून काढायचा. याला निदान सहा मिनिटं लागतात. मोठे डॉक्टर तीन-साडेतीन मिनिटांत बाहेर! हात सफाईचा, यात वादच नाही. जेवणाच्या सुट्टीआधी चौदा पेशंट हातावेगळे करायचे आणि चहा पिताना ते सगळ्यांना ऐकवायचेही. अहवालात मात्र प्रत्येकाला सहा मिनिटं दिलेली असायची, कारण तो आकडा फॉर्मवर आधीच छापलेला होता.

मग जुने पेशंट शिंपीकाका परत आले. दोन वर्षांपूर्वी त्यांना "सगळं स्वच्छ आहे, मजा करा" म्हणून घरी पाठवलं होतं. आता पोट फुगलेलं होतं आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून सिस्टर मोठ्याने मिनिटं मोजायला लागल्या. "दोन झाली, सर." "तीन झाली, सर." डॉक्टरांनी त्यांचं नाव घड्याळबाई ठेवलं आणि एका सोमवारी भिंतीवरचं घड्याळच उतरवून टाकलं. खिळा तेवढा राहिला. सिस्टरांनी वर अर्ज केला. उत्तर आलं, एवढ्या अनुभवी माणसाला तुम्ही काय शिकवणार? त्यांनी तो कागद घडी करून ठेवून दिला. रडल्या वगैरे नाहीत. चिडल्या मात्र भरपूर.

कालही घरी त्या चिडलेल्याच होत्या. पोट साफ करायचं ते खारट औषध त्या पेल्यामागून पेला रिचवत असताना लेक म्हणाली होती, "आई, पुन्हा तेच?" नाक दाबून त्या म्हणाल्या होत्या, "हो, पुन्हा!"

"घड्याळ काढा, सिस्टर," धाकटी नर्स हळूच म्हणाली. "दागिने, घड्याळ, सगळं काढायचं असतं."

"बांगड्या काढल्यात. घड्याळ राहू दे."

दुर्बीण आत गेली. वळणावर पोटात अशी कळ आली की सिस्टरांनी टेबलाची कड घट्ट धरली. बावीस वर्षं पेशंटला "आता जरासं दुखेल हं" सांगत आले, ते जरासं म्हणजे एवढं, हे त्यांना आज समजलं. दुर्बीण टोकाला पोचली. त्यांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं.

पडद्यावर गुलाबी भिंती भराभर मागे सरकत होत्या. डॉक्टर कोणाच्या तरी बदलीची गंमत सांगत होते. नर्स हसावं की नाही या विचारात होती.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "एकदम स्वच्छ. दहा वर्षं तोंड दाखवू नका."

"तीन मिनिटं वीस सेकंद," सिस्टर म्हणाल्या. "परत आत जा, सर."

डॉक्टर हातमोजा काढता काढता थांबले.

"इथे डॉक्टर कोण आहे?"

"तुम्हीच आहात. पण पेशंट मी आहे, आणि आज पेशंट जागा आहे. जा परत. उजव्या बाजूला बघा, घड्या सरळ करून. मी या टेबलावरून उठणार नाही."

डॉक्टरांचे कान लाल झाले. नर्ससमोर आणखी तमाशा नको, म्हणून असेल, पण त्यांनी दुर्बीण पुन्हा आत घातली. सिस्टरांनी दात आवळून सगळं पुन्हा सोसलं. उजव्या बाजूची एक घडी डॉक्टरांनी दुर्बिणीच्या टोकाने दाबली. काही नाही. दुसरी दाबली. काही नाही. तिसरीच्या पाठीमागे, शेवाळल्यासारख्या पातळ थराखाली, अंगठ्याच्या नखाएवढा चपटा कोंब बसला होता.

 डॉक्टरांनी तारेचा फास मागितला आणि कोंब मुळापासून काढला. हात सफाईचा होताच. या वेळी बाहेर यायला त्यांना अकरा मिनिटं लागली, आणि बदलीची गंमत त्यांनी पुढे सांगितली नाही.

"नशीबवान आहात, सिस्टर," घाम पुसत ते म्हणाले. "हा राहिला असता तर..."

सिस्टरांनी उशीखालून एक कागद काढून त्यांच्यापुढे धरला. दुसऱ्या दवाखान्याचा अहवाल होता, मागच्या महिन्यातला, त्या दोन दिवस रजेवर होत्या तेव्हाचा. वर फोटो. तीच तिसरी घडी, तोच चपटा कोंब. खाली पेनाने लिहिलं होतं: बाहेर येण्यास नऊ मिनिटं. रक्त पातळ करणारी गोळी आठवडाभर बंद ठेवून मग कोंब काढणे.

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"माझं मला माहीत होतं, सर," सिस्टर उठून बसत म्हणाल्या. "बाहेर बाकावर सातजण बसलेत. त्यांना त्यांचं माहीत नाही."