अव्वाचा निरोप

बसचं मागचं चाक पंक्चर झालं आणि मडिवाळप्पा रस्त्यातच मटकन बसला. मन्नाएखेळ्ळी गाव हाकेच्या अंतरावर होतं, जादा चाक टपावर बांधलेलं होतं, जॅकही होता. पण संकट आलं की आधी बसून घ्यायचं, ही त्याची लहानपणापासूनची रीत.

"चाकावर चूल मांडली की असंच व्हायचं," त्याची आई चन्नव्वा बसच्या खिडकीतून म्हणाली. म्हणाली सुनेला, ऐकवलं लेकाला. "सांग त्याला, ऊठ म्हणावं."

गुरुबाईनं खिडकीतून डोकं काढून नवऱ्याला निरोप दिला. "आत्याबाई म्हणायल्यात, उठा."

दोन वर्षं असंच चाललं होतं. पोलीस अ‍ॅक्शननंतर मडिवाळप्पानं सरकारी मोडीतली एक बस घेतली, आतली बाकडी काढून चूल, पेटी आणि पलंग मांडला, आणि गावोगावच्या बाजारात लुगडी विकत फिरायला लागला. दुकानही संग, घरही संग, अशी त्याची हुशारी. ज्या दिवशी त्यानं खटकचिंचोळीच्या घराला कुलूप लावलं, त्या दिवसापासून चन्नव्वानं लेकाशी बोलणं टाकलं. निरोप असला तर सुनेकरवी.

बसचे हाल मडिवाळप्पानं सोसले, पण हा अबोला त्याला सोसवेना. शेवटी त्यानंच हार खाल्ली. अव्वाला परत तिच्या उंबऱ्यावर नेऊन बसवायचं ठरवलं. चार दिवस ती तापानं कण्हत होती, पण गावाचं नाव काढताच उठून बसली. गावात पोचल्यावर तरी ती आपल्याला 'मडिवाळा' म्हणून हाक मारेल, एवढ्याच आशेवर तो सकाळपासून बस रेटत होता.

चाकाचे नट गंजले होते. तो बसखाली घुसून कुथत असताना गुरुबाई खाली आली, बादलीभर पाणी घेऊन पुन्हा वर गेली आणि तिनं खिडकीला लुगड्याचा पडदा लावला. सासूला रोज आंघोळ तीच घालायची.

चाक बसलं तेव्हा त्यांच्याच खटकचिंचोळीचे अंकुशराव शेंगांची पोती भरलेल्या लॉरीतून पुढं चालले होते. गुरुबाईनं त्यांना हात करून थांबवलं आणि बराच वेळ काहीबाही सांगितलं. काय सांगितलंस, असं मडिवाळप्पानं विचारलं, तर घर झाडून ठेवायला सांगितलं म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. त्या बसमध्ये धूर कोंडायचाच.

मडिवाळप्पा वर चढला. चन्नव्वा धुतलेलं लुगडं नेसून, कपाळभर विभूती लावून, खिडकीशी मांडी घालून बसली होती. डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं, डोळे मिटलेले. मागं एकदा खड्ड्यात ती पलंगावरून पडली होती, म्हणून गुरुबाईनं तिला पदरानं खिडकीच्या गजाला बांधलं होतं.

"पूजेला बसल्यात," गुरुबाई म्हणाली. "तेलकट हातानं शिवू नका."

पुढच्या चढावर बस तापली आणि बॉनेटमधून वाफ उसळली. जवळपास ना विहीर ना ओढा. मडिवाळप्पा पुन्हा खाली बसला. बसमध्ये प्यायच्या पाण्याची एकच घागर होती.

"आत्याबाई म्हणायल्यात, मला तहान न्हाई. सगळं बसला घाला."

सोमवार होता, अव्वाचा उपास असणार. तरीही घागर रेडिएटरमध्ये रिकामी करताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावाबाहेर काढलं ते काढलंच, वर म्हातारीच्या तोंडचं पाणीही बसला पाजलं.

दुपार कलली तेव्हा नाल्यात पुढची दोन्ही चाकं काळ्या चिखलात रुतली. मडिवाळप्पानं दगड घातले, फांद्या घातल्या. बस आणखी खाली गेली. आतली पेटी घरंगळली, लुगडी चिखलात पडली. तो त्या लुगड्यांवरच बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. आपल्या हातून काहीच नीट होत नाही, हे त्याला त्या चिखलात बसून पुरतं पटलं.

गुरुबाई बराच वेळ दारात उभी राहिली. मग आत गेली. परत येऊन तिनं निरोप दिला.

"आत्याबाई म्हणायल्यात, मडिवाळा, माजा राग गेला. लई राबलास माज्यासाठी. आता ऊठ, बाबा."

त्याला आपल्या कानांवर विश्वास बसेना. तो पाया पडायला पायरीवर चढला, तर गुरुबाईनं त्याला दारातच अडवलं. चिखलाचे हात, तिकडं गावात पोचल्यावर पडा पाया, म्हणाली.

मग मात्र तो धावतच जवळच्या शिवारात गेला आणि एका शेतकऱ्याच्या हातापाया पडून दोन बैलजोड्या घेऊन आला. बस निघाली. उरलेली वाट तो मनातल्या मनात हसत होता. वारंवार आरशात बघायचा. अव्वा खिडकीशी शांत बसलेली, प्रत्येक खड्ड्याला तिची मान हलत होती, जणू व्हय व्हय म्हणत होती.

दिवस मावळायच्या आत खटकचिंचोळीची शीव आली. रस्त्याला लागूनच त्याचं शेत. बांधावर अर्धं गाव उभं होतं. अंकुशराव होते, हातात घंटा घेतलेले जंगम पुरोहित होते, चुलते तिप्पण्णा खोऱ्याला टेकून उभे होते. वडिलांच्या समाधीशेजारी ताजा खड्डा खणलेला होता, माणूस मांडी घालून बसेल एवढा, लिंगायतांत खणतात तसा.

मडिवाळप्पानं बस थांबवली. त्यानं आरशात पाहिलं, मग वळून बायकोकडं पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती.

"कदी?" त्यानं विचारलं.

"सकाळी," गुरुबाई म्हणाली. "मन्नाएखेळ्ळीजवळ, तुमी चाक बसवत होता तवा."