मुकादम खाली येतात

“गाठ कोणी मारली?” खुर्चीत बसण्याआधी मुकादमांनी विचारलं.

“मीच, आबा. तुम्ही शिकवलेली,” लेक म्हणाली.

“म्हणूनच विचारलं.”

तिसऱ्या मजल्यावरच्या मालाच्या दारात उभं राहून त्यांनी वर पाहिलं. माथ्यावर लोखंडी तुळई, तुळईला नवी कप्पी, कप्पीतून एका टोकाला खुर्चीशी बांधलेला आणि दुसऱ्या टोकानं थेट रस्त्यापर्यंत गेलेला दोर. गल्लीतल्या सगळ्याच वखारींना अशा तुळया होत्या. बांधणाऱ्या गोऱ्या साहेबानं मालाची सोय आधी पाहिली होती. माणसांसाठी उरल्या जागेत शिडीसारखा जिना. पुढे कंपनी गेली, कापसाच्या गासड्या गेल्या, एकेका वखारीत बिऱ्हाडं आली. जिना तेवढा होता तसाच राहिला. त्या जिन्यावर पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी मुकादमांना बजावल्याला तीन वर्षं झाली होती.

आणि आज तळमजल्यावर लेकीचं शिवणाचं दुकान उघडायचं होतं. आबा खाली आल्याशिवाय कुलूप निघणार नाही, असं ती सगळ्यांना सांगून बसली होती.

“अगं, जन्मभर माल उतरवला मी. स्वतः कधी लोंबकळलोय का?”

“मग आज माल व्हा.”

मुकादम बसले. लेकीनं दोन पट्टे आवळले आणि खुर्ची हळूच दाराबाहेर लोटली.

खाली न्हावी, बेकरीवाला, धोबी आणि टपाल कचेरीतले दोन कारकून दोर धरून उभे होते. उत्साह दांडगा, पण पाच जणांच्या पाच तऱ्हा. न्हाव्यानं सोडला तेव्हाच धोब्यानं ओढला. खुर्ची हिसका खाऊन कलली.

“मुकादम, आवाज द्या!” बेकरीवाला ओरडला. “त्याशिवाय आमचं जमायचं नाही!”

मुकादमांनी तोंड उघडलं. ज्या आवाजावर वीस-वीस माणसं एका श्वासात हलायची, तो घशातच बसला. बोटं खुर्चीला चिकटली.

“हातभर सोडाऽऽ!”

आवाज बाईमाणसाचा होता. समोरच्या वखारीच्या तिसऱ्या मजल्यावर मास्तरीणबाई चौकट धरून उभ्या होत्या. या आरोळ्यांपायी मुलांचा अभ्यास होत नाही, अशी तक्रार त्यांनी एके काळी दर महिन्याला, वळणदार अक्षरात कंपनीकडे धाडली होती.

“सोडला!” पाचही जण दचकून म्हणाले, आणि खरंच बरोब्बर हातभर सोडला.

“धराऽऽ!”

“धरला!”

तोच हेल, शेवटाला तोच चढ. पुढच्या वेळी सज्ज्यासज्ज्यांतून म्हातारी माणसं म्हणू लागली, मग त्यांच्या सुना, मग रस्त्यावरची पोरं. ध्रुपद धरावं तशी सारी गल्ली मागे आली. दुसऱ्या मजल्याशी मुकादमांच्या घशातून पहिला सूर फुटला. तिथून पुढे आरोळी दोघांची झाली.

पाय फरशीला लागले. टाळ्यांचा पाऊस पडला. धापा टाकत जिना उतरून आलेल्या लेकीनं किल्ली पुढे केली. मुकादमांनी ती घेतली नाही. ते वर पाहत होते.

“बाई, कुठे शिकलात हो?”

“तक्रारीत लिहून लिहून पाठ झालं!”

“आणि शेवटच्या खाली कधी आला होतात?”

बाईंनी गुडघ्यावर नुसता हात ठेवला.

मुकादमांनी पट्टे सोडवले. “कप्पी काढा रे. समोरच्या तुळईला लावा. कुलूप थांबेल घटकाभर.”

अर्ध्या तासानं बाई खुर्चीत बसल्या. पदर घट्ट खोचलेला, डोळे गच्च मिटलेले. खाली गल्लीच्या मधोमध मुकादम काठी टेकून उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

“मुकादम,” वरून बारीक आवाज आला, “मोठ्यानं ओरडा हं.”