पाच बकऱ्यांचं पुनरुत्थान

थर्मन शिंकला आणि पाचही बकऱ्या मेल्या.

एकामागून एक नव्हे, एकदम. पाय ताठ, डोळे सताड उघडे. कालच संध्याकाळी बाजारातून आणलेल्या. थर्मननं डेट्रॉइटमध्ये एकतीस वर्षं सिटी बस चालवली होती, पण त्याच्या शिंकेनं एकही प्रवासी कधी दगावला नव्हता. तो कुंपण धरून नुसता उभा राहिला.

"ओडेसा," तो बायकोला म्हणाला, "मी काही केलं नाही."

ओडेसा अंगणात मासे तळत होती. ती तशीच धावली, पहिल्या बकरीच्या कपाळावर तेलकट हात ठेवला आणि येशूचं नाव घेऊन मोठमोठ्यानं प्रार्थना करू लागली. दोघांना शहर सोडून टेनेसीतल्या शेतावर येऊन जेमतेम सात आठवडे झाले होते. तेवढ्या दिवसांत कोंबड्यानं थर्मनला दोनदा गाडीत कोंडलं होतं आणि डुकरीण एकदा पास्टरच्या ओसरीवर जाऊन झोपली होती. आता हाक मारायला देवाशिवाय कुणी उरलं नव्हतं. प्रार्थना आमेनपर्यंत पोचायच्या आत बकरीनं कान हलवला, मग पाय झाडले. बघता बघता पाचही उठल्या आणि जसं काही झालंच नाही अशा चरायला लागल्या.

ओडेसानं चर्चमधल्या तिघींना फोन केले. तिसऱ्या फोनपर्यंत तिच्या सांगण्यात मासे तळायचं तेल अभिषेकाचं तेल झालं होतं आणि बकऱ्या चांगल्या पाच मिनिटं मेलेल्या होत्या. तिघीही देवाची कृपा म्हणाल्या. हसल्या नाहीत. आमच्याकडे बायका फोनवर हसत नाहीत, ठेवल्यावर हसतात.

दुपारी थर्मन पेंड आणायला दुकानात गेला आणि मोठ्या अभिमानानं त्यानं तिथे सगळं सांगितलं. दुकानदार पोत्यावर बसून डोळे पुसेपर्यंत हसला. ही जातच तशी, तो म्हणाला. दचकली की आखडून पडते आणि दहा-पंधरा सेकंदांत आपली आपण उठते. आमच्या भागात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. दुकानात होते नव्हते ते सगळे हसले. एकानं तर थर्मनपुढे तपकिरीची डबी धरली.

त्यानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ओडेसा मटकन पायरीवर बसली. उद्या रविवार. साऱ्या चर्चला एव्हाना कळलं असणार.

"कुठल्या तोंडानं जाऊ मी?" ती म्हणाली.

थर्मननं बराच विचार केला. "पुलापलीकडे मेथडिस्टांचंही एक चर्च आहे," तो म्हणाला.

एवढ्यात फाटकातून एक जुनी गाडी आत आली. मदर लुवेनिया स्वतः चालवत होती. चर्चमधली सगळ्यांत थोरली बाई, म्हणून सारे तिला मदर म्हणत; वय ऐंशीच्या पुढे. तिच्यासमोर पास्टरही आवाज चढवत नसे. शेजारच्या सीटवर तिचा नवरा, क्लेमन. मार्चमध्ये झटका आला तेव्हापासून त्याची उजवी बाजू लुळी होती आणि वाचा गेली होती. आता नोव्हेंबर उजाडला होता.

मदर लुवेनिया खाली उतरली, दुसऱ्या बाजूला जाऊन तिनं नवऱ्याकडचं दार उघडलं. खुशाली विचारली नाही, हवापाण्याचं बोलली नाही.

"पोरी, याच्यावर हात ठेव," ती म्हणाली.

हात ठेवून चार शब्द पुटपुटले असते तर वेळ निभावली असती. पण म्हातारीची आशा अशी फसवायची, ते ओडेसाच्यानं होईना. तिनं थर्मनकडे पाहिलं. तो डोक्यावरची टोपी काढून जमिनीकडे बघत होता.

"मदर, माझी चूक झाली," ती म्हणाली. "बकऱ्या मेल्याच नव्हत्या. ती त्यांची खोडच आहे. माझ्या हातात काही नाही हो."

"मला शिकवतेस?" मदर लुवेनिया म्हणाली. "माझ्या बापाकडे चाळीस होत्या. ढग गडगडला की सगळं रान आडवं व्हायचं."

ओडेसाला काही कळेना. ठाऊक होतं तर या बाई इथे आल्या कशाला, एवढंच तिनं कसंबसं विचारलं.

म्हातारीनं क्लेमनच्या शर्टाची कॉलर नीट केली. "आठ महिने मी याला धुते, भरवते, रोज हात ठेवते. माझा आवाज ऐकून देव कंटाळला असेल आता. तू काल आणलेल्या शेरडांसाठी एवढी कळवळलीस म्हणे. तशी याच्यासाठी कळवळ."

ओडेसा उठली. तिनं क्लेमनच्या कपाळावर हात ठेवला आणि डोळे मिटले. सकाळी धडाधड आलेले शब्द आता एकही येईना. थर्मन दुसऱ्या बाजूनं गाडीत शिरला. कशाला धरावं ते न कळून त्यानं क्लेमनच्या कोटाची बाही धरली.

क्लेमन उठला नाही. समोरच्या काचेतून बघत राहिला.

मदर लुवेनिया पायरीवर जाऊन बसली. तिनं एकेक करून दोन्ही बूट काढले आणि सुजलेले पाय गवतावर पसरले.

"सावकाश होऊ दे," ती म्हणाली. "मला घाई नाही."