दोरीवरची साडी

खारीचं चिरकं ओरडणं पुन्हा सुरू झालं तसा निंबा काठी घेऊन मागच्या अंगणात धावला. मांजर कुठंच नव्हतं. पत्र्याखालच्या फटीभोवती त्यानं बांधलेल्या बाभळीच्या फांद्याही जागच्या जागी होत्या.

फटीत खारीचं घरटं होतं. खार पत्र्यावर इकडून तिकडे पळत होती आणि आतून बारीक आवाज येत होता. निंबानं शिडी भिंतीला लावली.

"बाबा, बिल्ली कब की भाग गयी. उतरा खाली, गिराल," सून अश्विनी दारातून म्हणाली.

"मांजर नाही. आतच काहीतरी आहे. साप असंल."

"मग तर उतराच! अमोल मिलवरून आले की बघतील."

निंबा चढत राहिला.

"आई होत्या तेव्हा तुम्हीच चप्पल फेकून मारायचे या खारींना," अश्विनी शिडी धरत म्हणाली. "शेंगदाणे वाळत घातले की काय त्या शिव्या! आणि आता काटे बांधता, पाणी ठेवता."

"तेव्हा त्यांना बघायला ती होती," निंबा म्हणाला.

त्यानं फांद्या बाजूला केल्या आणि फटीत हात घातला. साप नव्हता. घरटं अलगद काढून तो खाली आला आणि ते धुण्याच्या दगडावर ठेवलं.

आत तीन पिल्लं होती. तिघंही एकमेकांना बांधली गेली होती. बारीक हिरवा धागा एकाच्या पायातून दुसऱ्याच्या मानेला, तिथून तिसऱ्याच्या पोटाला गेला होता. ज्याच्या मानेला धागा होता ते गार पडलं होतं.

"कैची आण."

अश्विनीनं सासूच्या शिलाई मशीनच्या खणातली लहान कैची आणली. निंबानं पिल्लं ओंजळीत धरली. तिनंच कैची चालवली.

"नायलॉन आहे, बाबा. तुटतच नाही. पिल्लं मोठी होत गेली आणि हा रुतत गेला." ती थांबली. "पण एवढा हिरवा धागा आणला कुठून हिनं?"



दोरीवर त्याच्या बायकोची, भागीरथीची, हिरवी साडी होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती धुऊन वाळत घातली आणि दुपारी ती गेली. तेव्हापासून निंबानं ती कुणाला काढू दिली नव्हती. ऊन खाऊन साडीचा रंग उतरला होता, पदर उसवला होता. रोज सकाळी खार दोरीवर बसून दातांनी पदराचे धागे ओढायची. निंबा खाटेवरून बघत राहायचा. त्याला बरं वाटायचं. एकदा धागा चिमट्यात अडकला, तर त्यानंच उठून तो खारीला सोडवून दिला होता.

अश्विनीची नजर दोरीकडे गेली.

"तुम्हाला काय मालूम होतं, बाबा," ती हळूच म्हणाली.

उरलेल्यांतलं एक पिल्लू धड होतं. दुसऱ्याचा पाय गाठीच्या खाली काळा पडला होता.

"याचं काय करायचं?" अश्विनीनं विचारलं.

"ठेव दोघांना. पुढं तिचं ती बघंल."

जुन्या गादीतला कापूस काढून त्यांनी दोन्ही पिल्लं त्यात ठेवली. निंबानं ती पुन्हा फटीत सरकवली आणि फांद्या पहिल्यासारख्या बांधल्या. मेलेल्या पिल्लाला लिंबाच्या मुळाशी पुरलं. हात धुतले. मग तो दोरीपाशी गेला.

चिमटे गंजून साडीला चिकटले होते. ते ओढताना कापड फाटलं. अश्विनी घडी घालायला दुसरं टोक धरू लागली, पण त्यानं मान हलवली आणि साडीचा बोळा करून छातीशी धरला.

पत्र्यावरून खार उतरली. फटीकडे न जाता ती दोरीवरून धावत आली. जिथं पदर असायचा तिथं थांबली. दोरी हुंगली. मागचे पाय रोवून उभी राहिली, खाली बघितलं, पुन्हा दोरी हुंगली.

"तिथं काही नाही आता," निंबा म्हणाला. "घरी जा. पोरं आहेत तुझी."

खार गेली नाही.