घसरलेला सूर

शिंप्याच्या माउथ ऑर्गनने बायकोचं डोकं फिरायचं. पण तिला कॅन्सर निघाला आणि तिने खेकसणंच सोडलं. तिची ही शांतता त्याला खायला उठायची. ती बरी व्हावी म्हणून त्याने ईस्टरआधीच्या उपवासकाळात वाजवणं सोडलं आणि तिला घेऊन तीर्थयात्रेला निघाला. रविवारी मिस्सेची प्रार्थना आटोपून दोघं चर्चच्या पायरीवर टेकली, तेव्हा तिने पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत होता त्याने घरी कुलपात ठेवलेला माउथ ऑर्गन! “अगं, नवस मोडेल!” तो दचकला. “रविवार प्रभूच्या आनंदाचा, रविवारी उपवास नसतो. फादरच म्हणाले ना?” “तुझ्यासाठीच सोडलंय गं.” “मग माझ्यासाठीच वाजवा.” त्याने भीतभीत फुंकर मारली. पहिलाच सूर घसरला. “शी! इतकी वर्षं झाली, एक गाणं धड येईल तर शपथ!” ती खेकसली. शिंप्याचा जीव भांड्यात पडला. पुढचा सूर त्याने मुद्दाम घसरवला.