शून्यावर आलं की

"आई, हातमोजे घाल," हृषिकेश म्हणाला.

"असू दे रे. बांगड्यांत अडकतात," म्हणत यमुनाबाईंनी रिकामी बाटली वजनकाट्यावर ठेवली आणि बटण दाबून आकडा शून्यावर आणला.

बाहेर हॅम्बर्गचा नेहमीचा पाऊस भुरभुरत होता. टेबलावर जुना जाहिरातींचा कागद अंथरला होता. त्यावर मधासारख्या घट्ट मूळ द्रवाची, म्हणजे बेसची, मोठी बाटली, वेलची आणि गुलाबाच्या अर्काच्या कुप्या, आणि जरा लांब, धोक्याची खूण चिकटवलेली तपकिरी बाटली. निकोटीन तेवढं वेगळ्या बाटलीत ठेवायचं, हे हृषिकेशनेच घालून दिलं होतं.

पूर्वी तो स्वतःच हे मिश्रण करायचा, वेपमध्ये, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटमध्ये, भरायचा आणि बाल्कनीत जाऊन ओढायचा. पिचकारीने मापायचा, कधी पाणचट व्हायचं, कधी इतकं कडक की त्याचंच डोकं गरगरायचं. त्याला इथे नवी नोकरी लागली, यमुनाबाईंना सोबत राहायच्या परवान्याचं कार्ड मिळालं आणि त्या सांगलीहून आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याच्या हातून पिचकारी काढून घेतली.

"घट्ट वस्तू मापात फसवते. वजन कर. नाहीतर सरक, मीच करते."

वजन त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. सांगलीच्या घरी दर दिवाळीआधी उटण्याचा घाट असायचा. त्यांचे यजमान वासुदेवराव तराजू धरायचे, त्या पुड्या बांधायच्या. नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद. घरभर असा वास सुटायचा, की पोस्टमन पत्र देऊनही दारात घुटमळायचा. यमुनाबाईंचा हात सैल. त्या भसकन ओतायच्या.

"अगं, काट्याला आधी निजू दे," वासुदेवराव म्हणायचे. "मग घाल. तुला कुठे गाडी पकडायची आहे?"

त्यांच्या बोलण्यात अधूनमधून खोकला यायचा. बिडी सुटली नाही ती नाहीच. शेवटी शेवटी तराजू धरायचीही ताकद उरली नव्हती.

म्हणून आल्याआल्याच यमुनाबाईंनी लेकाशी करार केला होता. "दर खेपेला थोडं थोडं निकोटीन कमी करत जाईन. तुला कळणारसुद्धा नाही. तुझी बाटली शून्यावर आली की माझं काम झालं. मग सांगलीचं तिकीट काढ."

"आणि मध्येच माझी दया येऊन जास्त घातलंस तर?"

"गुरुवारी करू. मग तर झालं?"

हृषिकेश हसला होता. दत्ताचा वार म्हणून गुरुवारी आई फक्त दूध-फळांवर राहते आणि काही झालं तरी खोटं बोलत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. शाळेत दांडी मारली की तो गुरुवारी तिच्यासमोर बसतच नसे. बाई घरी आल्या तर आई सगळं सांगून टाकेल याची भीती.

आजही गुरुवारच. यमुनाबाईंनी बेस ओतला. आकडा थांबेपर्यंत थांबल्या, पुन्हा शून्य केला. वेलची. पुन्हा शून्य. गुलाब.

"कोजागिरीच्या दुधासारखा वास येतोय," हृषिकेश म्हणाला. "बाबा गच्चीवर पातेलं ढवळायचे, तसा."

"आणि तू साय पळवायचास."

"आई, तुला तिथली आठवण येते ना गं? तुळशीची, देवळाची?"

"येते की. रोज येते."

त्यांनी तपकिरी बाटली उचलली. थेंब थेंब सोडले, आकड्यावर नजर ठेवून.

"किती घातलंस?"

"ठरलंय तेवढंच."

"मागच्या खेपेपेक्षा कमी?"

"जास्त नाही, एवढं खरं." त्यांनी झाकण लावलं आणि बाटली हलवायला घेतली. "मागची संपली का? परवा तर भरलेली दिसली."

"संपेल आता," हृषिकेश घाईने म्हणाला. मग त्याने वजनकाटा पुसून बंद केला. "म्हणजे, खरं सांगू का? मागची भलतीच कडक होती. चांगली घशाला लागायची. हे इतक्यात सुटेलसं वाटत नाही मला."

"हो का?"

"तुझी सूनपण म्हणत होती, घाई करू नका. एप्रिलचं तिकीट बघत होतो, पण... मध्येच सोडलंस तर मी पुन्हा होतो तिथेच जाईन. दिवाळीपर्यंत तरी बघू."

यमुनाबाईंनी बाटली उजेडात धरली. आतले बुडबुडे सावकाश वर चढत होते. सांगलीचं घर त्यांना दिसलं: कुलूप, आत गार पडलेल्या तीन खोल्या, आणि भिंतीला टांगलेला तराजू, ज्याला आता निजायला सांगणारं कुणी नव्हतं.

"तू म्हणशील तसं," त्या म्हणाल्या. "मला कुठे गाडी पकडायची आहे?"

हृषिकेश एकदम मोकळा झाला. नवी बाटली मुरायला कपाटात ठेवून तो शीळ घालत दिवा लावायची तयारी करायला गेला.

यमुनाबाईंनी कागदाची घडी केली आणि मनातल्या मनात दत्ताची क्षमा मागितली. खोटं त्या आज एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. फक्त दसऱ्याच्या आधीच निकोटीनचा शेवटचा थेंब त्यांनी विषारी कचऱ्याच्या गाडीवर देऊन टाकला होता आणि तेव्हापासून त्या तपकिरी बाटलीत नुसता बेस होता.